पडदा अंधुक दिसतो तेव्हा



आज मी बोलणार आहे ते संगणकाच्या पडद्याविषयी. विषय ऐकून शेतावरचे श्रोते म्हणतील, "हा तर मास्तर लोकांचा विषय, आपल्याला काय त्याचं?" पण तसे नाही. आज गावच्या शाळेत संगणक असतो, ग्रामपंचायतीत असतो, आणि सातबाराचा उतारासुद्धा त्याच्याच पडद्यावर पाहायला मिळतो. पडदा नीट दिसत नसला तर ते दुखणे एकट्या मास्तरांचे राहत नाही, साऱ्या गावाचे होते.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. आमच्या शाळेत तीन संगणक आहेत. थोडी लोकवर्गणी, थोडे शहरातल्या एका कचेरीने मोडीत काढलेले सामान, असे करून ते उभे केले. तिन्हींवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवलेली आहे. सहावीतली एक मुलगी पडद्यावरचा उतारा पाहून वहीत उतरवीत होती. वही तपासताना पाहतो तो 'पांढरा'चे 'पाढरा' झालेले, 'दारात नंदी आला' याचे 'दारात नदी आला' झालेले. पानभर अनुस्वार गायब! मी तिला चारचौघांत बोललो आणि घरी चिठ्ठी पाठवली, की मुलीचे डोळे तपासून घ्या.

तिच्या वडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवली, एस. टी. ने तालुक्याला गेले, डोळे तपासून आणले. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पोरीचे डोळे चांगले आहेत असं डॉक्टर म्हणतात. आता तुमच्या त्या डब्याचे तेवढे तपासून घ्या."

मला फार लाजल्यासारखे झाले. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिन्ही संगणक तपासायला बसलो. तिन्हींचा पडदा अंधुक होता, आणि गंमत अशी, की तिन्हींची कारणे वेगळी निघाली. तीच तीन कारणे आज क्रमाने सांगतो, म्हणजे आपल्या शाळेत असे झाले तर आपल्याला नवा पडदा विकत घ्यावा लागणार नाही, आणि कुणा मुलाला उगीच बोलणीही बसणार नाहीत.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या आयाबहिणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. अमुक ठिपके आडवे, तमुक ठिपके उभे. ते ठिपके जोडले की चित्र तयार होते. संगणकाचा पडदा म्हणजे हीच रांगोळी. आजकालच्या सपाट पडद्यात हे ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. एखाद्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे एकूण दहा लाख एकोणपन्नास हजार अठ्ठ्याऐंशी ठिपके असतात. मोठ्या पडद्यावर १९२० आणि १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. या आकड्यांच्या जोडीलाच 'रेझोल्युशन' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ एवढाच: ठिपके किती गुणिले किती.

आता गोम अशी, की पडद्यात ठिपके किती आहेत ही एक गोष्ट, आणि संगणक किती ठिपक्यांचे चित्र पाठवतो ही दुसरी. दोन्ही आकडे जुळले की अक्षर कोरल्यासारखे दिसते. जुळले नाहीत की पडदा आलेले चित्र ताणून आपल्या जागेत बसवतो. समजा संगणकाने रांगेत १०२४ ठिपके पाठवले आणि पडद्यावर जागा आहे १३६६ ठिपक्यांची. म्हणजे जवळजवळ तिनाचे चार करायचे. चौथा ठिपका आणायचा कोठून? मग पडदा शेजारच्या दोन ठिपक्यांचा रंग एकत्र कालवून मधला ठिपका भरतो. कडा पुसट होतात, अक्षर सुजल्यासारखे दिसते.

इंग्रजी अक्षरांचे यात फारसे बिघडत नाही. आपल्या देवनागरीचे मात्र फार बिघडते. आपला अनुस्वार म्हणजे एवढासा टिंब. रफार, रुकार, जोडाक्षरातला अर्धा भाग, हे सारे दोनचार ठिपक्यांचे काम. ते ठिपके ताणले की टिंब शिरोरेघेत मिसळून जातो आणि नंदीची नदी होते. त्या मुलीने जे दिसले तेच लिहिले होते, बरे का.

जुने, मागे पोट असलेले, काचेच्या नळीचे पडदे ज्यांनी वापरले आहेत ते म्हणतील, "तेव्हा तर कोणताही आकडा चालायचा!" खरे आहे. त्या पडद्यावर किरणांनी चित्र रेखाटले जाई. असे ठरावीक ठिपक्यांचे घर प्रत्येकाला नेमून दिलेले नसे. सपाट पडद्याला मात्र एकच आकडा मनापासून मानवतो. तो पडद्याच्या खोक्यावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तो शोधा आणि वर्गातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दुरुस्तीची पहिली पायरी तीच.

आपला पडदा ताणलेला आहे की नाही हे ओळखायची सोपी युक्तीही सांगतो. पडद्यावर चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये एक वर्तुळ काढा आणि पट्टीने आडवे व उभे मोजा. दोन्ही मापे सारखी आली तर चित्र एकाच दिशेने ताणलेले नाही, एवढे कळते. वर्तुळ अंड्यासारखे आडवे पसरले असेल, तर आकड्यांत चूक आहे असे समजा. हा प्रयोग मुलांकडूनच करवून घ्यावा. भूमितीचाही पाठ होतो.

आता पहिला संगणक. याचा दोषी मीच निघालो. वय झाले, बारीक अक्षर दिसेना, म्हणून मागे कधीतरी मी १३६६ गुणिले ७६८ चा आकडा उतरवून १०२४ गुणिले ७६८ करून ठेवला होता. अक्षर मोठे झाले, मला बरे वाटले. पण ते मोठे होताना पुसट झाले हे माझ्या डोळ्यांना कळले नाही, कारण त्यांना आधीच सगळे पुसट दिसत होते!

उपाय सोपा. लिनक्समध्ये मोकळ्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबले की बहुधा 'डिस्प्ले सेटिंग्ज' असे दिसते. न दिसल्यास 'सेटिंग्ज' उघडून त्यात 'डिस्प्ले' पाहावे. तिथे रेझोल्युशनची यादी असते. त्यातून भिंतीवर लिहिलेला आकडा निवडायचा आणि 'अप्लाय' म्हणायचे. पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नका. मग संगणक विचारतो, "हा बदल ठेवू का?" चित्र नीट दिसले तर 'होय' म्हणा. काहीच दिसले नाही, तर कशालाही हात न लावता स्वस्थ बसा. वीसेक सेकंदांत संगणक आपण होऊन जुन्या आकड्यावर परत येतो.

मग आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी काय करायचे? अक्षर लहान वाटले तर ठिपके कमी करू नका, अक्षर मोठे करा. त्याच 'डिस्प्ले'च्या पानावर 'स्केल' नावाची सोय असते. ती शंभरावरून सव्वाशे टक्के करता येते. किंवा 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये 'लार्ज टेक्स्ट' चालू करावे. त्यामुळे संगणक मूळ ठिपके वापरूनच अक्षर मोठे रेखतो. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

आता दुसरा संगणक. याचा पडदा १४४० गुणिले ९०० चा. पण यादी उघडली तर त्यात १४४० चा आकडाच नाही! सगळ्यात मोठा आकडा १०२४ गुणिले ७६८. आता आली पंचाईत. यादीत नाही ते निवडणार कसे?

इथे थोडे आत शिरावे लागेल. पडद्यात ठिपके किती हे संगणकाला कसे कळते? जमिनीचा जसा सातबारा असतो, तसा प्रत्येक पडद्याचाही एक उतारा त्याच्या पोटातल्या चिपमध्ये लिहिलेला असतो. त्याला 'ईडीआयडी' म्हणतात. १९९४ सालापासून ही पद्धत सुरू झाली. मूळ उतारा अवघा १२८ बाइटांचा, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा. त्यात पडदा कोणत्या कंपनीचा, कोणत्या वर्षी बनला, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर आणि कोणते आकडे त्याला मानवतात, हे सारे असते. संगणक सुरू होताना केबलीतून हा उतारा मागवतो. उतारा मिळाला तर ठीक. न मिळाला तर बिचारा सावधपणे वागतो आणि १०२४ गुणिले ७६८ च्या वर जात नाही. अनोळखी विहिरीत उतरताना आपण पायाने अंदाज घेतो ना, तसेच.

उतारा वाटेत अडतो तो बहुधा केबलीत. जुन्या निळ्या टोकाच्या केबलीला, जिला व्हीजीए म्हणतात, तीन रांगांत मिळून पंधरा पिनांची जागा असते. त्यातली बारावी आणि पंधरावी अशा दोन पिना या उताऱ्याच्या कामाच्या. त्यातली एक जरी वाकली किंवा तुटली, तरी चित्र येते, रंग येतात, पण उतारा येत नाही. म्हणून दोन्हीकडची वीज बंद करून, स्क्रू सोडवून, केबलीचे टोक उजेडात पाहावे. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. नवव्या जागेची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, तेव्हा तेवढ्यावरून केबल फेकून देऊ नका. शंका आली तर शेजारच्या संगणकाची केबल लावून पाहावी. हा बिनपैशाचा तपास.

आमच्या बाबतीत केबल ठीक होती. पण तिच्या आणि पडद्याच्या मध्ये एक छोटी डबी बसली होती. एकाच संगणकाचे चित्र पडद्यावर आणि प्रोजेक्टरवर दोन्हीकडे दिसावे म्हणून शाळेने ती आणली होती. तिला स्प्लिटर म्हणतात. काही स्प्लिटर उतारा पुढे जाऊच देत नाहीत. काही दोघांपैकी एकाचाच उतारा देतात. डबी काढून पडदा थेट जोडला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि यादीत १४४० चा आकडा आपोआप हजर! तेव्हापासून आम्ही डबी प्रोजेक्टरच्या तासापुरतीच लावतो.

डबी नसताना, प्रोजेक्टर वेगळ्या केबलीने जोडला तरीही असा घोटाळा होतो. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचे म्हटले की संगणक दोघांना मानवेल असा समाईक आकडा धरतो, आणि जुना प्रोजेक्टर १०२४ चाच असतो. तास संपला की प्रोजेक्टरची केबल काढावी. आणखी एक: संगणकाला टीव्ही जोडला आणि चित्राच्या कडा कापल्या गेल्या, तर दोष संगणकाचा नसतो. टीव्हीच्या रिमोटवरून चित्राच्या मापाची मांडणी उघडावी आणि 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असे काही असेल ते निवडावे.

आणि समजा, पडदाच इतका जुना की उतारा येतच नाही? तर संगणकाला आकडा आपण हाताने सांगू शकतो. शिक्षकमित्रांनी हा भाग पुस्तिकेतून पुन्हा वाचावा. 'टर्मिनल' नावाची खिडकी उघडायची. तिच्यात एक्स, आर, ए, एन, डी, आर अशी सहा इंग्रजी लहान अक्षरे सलग लिहून एंटर दाबायचे. पडद्याचे नाव आणि आकड्यांची यादी दिसते. सध्याच्या आकड्यापुढे चांदणी असते, पडद्याला आवडणाऱ्या आकड्यापुढे अधिकचे चिन्ह असते. पडद्याचे नाव कागदावर टिपून घ्या. मग सी, व्ही, टी ही तीन अक्षरे, मोकळी जागा, १४४०, मोकळी जागा, ९०० असे इंग्रजी आकड्यांत लिहून एंटर दाबा. संगणक गणित करून 'मोडलाइन' या शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ देतो. त्या शब्दानंतरचे सगळे जसेच्या तसे उचलायचे. पहिल्या सहा अक्षरांचा हुकूम पुन्हा लिहून, मोकळी जागा सोडून, दोन आडव्या रेघा व त्यांना चिकटून 'न्यूमोड' लिहायचे आणि त्यापुढे ती ओळ ठेवायची. याने आकडा संगणकाला माहीत झाला. मग तसेच 'अ‍ॅडमोड' लिहून पडद्याचे नाव आणि नव्या आकड्याचे नाव द्यायचे, की तो यादीत येतो. पुढे 'डिस्प्ले'च्या पानावरून नेहमीसारखा निवडायचा.

यात दोन अडचणी संभवतात. एक, संगणक बंद केला की हा बदल पुसला जातो. म्हणून ते दोन हुकूम आपल्या घरच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या 'एक्सप्रोफाइल' नावाच्या फाइलीत लिहून ठेवावे. दुसरी, हे हुकूम एक्स नावाच्या जुन्या चित्रव्यवस्थेचे आहेत. ती १९८४ सालापासूनची. नव्या लिनक्समध्ये तिच्या जागी 'वेलँड' आलेली असते आणि तिथे हे हुकूम लागू पडत नाहीत. आपल्याकडे कोणती आहे ते 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाउट'च्या पानावर, 'विंडोइंग सिस्टम' या शब्दापुढे पुष्कळदा दिसते. आणि आकडा कधीही अंदाजाने ठोकू नका, फार मोठा तर मुळीच नाही. सपाट पडदा 'आउट ऑफ रेंज' म्हणून तक्रार करतो, पण जुना नळीचा पडदा त्याने बिघडूही शकतो.

राहिला तिसरा संगणक. याच्या यादीत एकच आकडा होता, दुसरा पर्यायच नाही. केबल बदलली, काही नाही. मग 'अबाउट'चे पान पाहिले. 'ग्राफिक्स' या शब्दापुढे चित्रे काढणाऱ्या चिपचे नाव असायला हवे. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असा चमत्कारिक शब्द. याचा अर्थ, चित्रे काढणारी चिप आत असूनही स्वस्थ बसली आहे आणि तिचे काम मुख्य प्रोसेसर कसेबसे करतो आहे. बैल गोठ्यात आणि नांगर माणूस ओढतो आहे, तशातला प्रकार.

कारण असे, की प्रणाली बसवताना पडदा काळा पडला असावा, म्हणून बसवणाऱ्याने 'सेफ ग्राफिक्स' हा सावध मार्ग घेतला. त्या वेळी ते बरोबरच होते. पण त्या मार्गाने 'नोमोडसेट' असा एक शब्द सुरुवातीच्या हुकमात घातला जातो. तो तिथेच राहिला, तर चिपला काम करायची मनाई कायमची होऊन बसते.

हा शब्द काढायचा, पण आधी उसनवारीवर काढून पाहायचा. संगणक सुरू होताना 'शिफ्ट' किंवा 'एस्केप' दाबले की प्रणाली निवडायची यादी दिसते. तिथे इंग्रजी ई हे अक्षर दाबायचे, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीत 'नोमोडसेट' शोधून खोडायचा आणि 'एफ-दहा' दाबायचे. हा बदल एका वेळेपुरता. पडदा काळा राहिला तर संगणक बंद करून पुन्हा लावा, सारे पूर्ववत. चित्र स्वच्छ आले, तरच कायमचे करायचे. उबुंटू, मिंट, डेबियन यांत 'ईटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल असते. प्रशासकाच्या अधिकाराने ती उघडून तोच शब्द काढायचा, आणि 'अपडेट-ग्रब' हा हुकूम त्याच अधिकाराने द्यायचा. शब्द खोडण्यापूर्वी फाइलीची एक प्रत करून ठेवायला विसरू नका.

असे तिन्ही संगणक ठीक झाले. खर्च किती आला? एक छदामही नाही. त्याआधी एक माहीतगार गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले होते, "फुकटची प्रणाली आहे मास्तर, फुकटचं असंच दिसायचं!" पाहा, तीन दुखण्यांपैकी एक माझ्या हाताचे, एक डबीचे, एक घाईत विसरलेल्या शब्दाचे. प्रणालीचा दोष एकातही नव्हता. लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा पाया घातला, त्या लिनक्सवर आज देशोदेशीची माणसे काम करतात. आपल्याकडेही सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली काढली. केरळातल्या सरकारी शाळा कैक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर शिकवीत आहेत. मुक्त म्हणजे नुसती बिनपैशाची नव्हे. आत काय चालले आहे ते पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्यातले मुख्य. गावच्या विहिरीसारखे आहे ते. पाणी सर्वांचे, आणि गाळ काढायचे कामही सर्वांचेच.

जाता जाता उजळणी करून देतो. पडदा अंधुक दिसला की आधी पडद्याचा मूळ आकडा शोधा. मग यादीत तो आहे का पाहा. आहे, तर निवडा, आणि अक्षर बारीक वाटले तर 'स्केल' वाढवा. नाही, तर केबल आणि मधली डबी तपासा. यादीत एकच आकडा असेल, तर 'नोमोडसेट' शोधा. हाताने आकडा सांगणे सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल वहीत टिपून ठेवा, म्हणजे चुकलेली वाट परत सापडते.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितले, "चूक तुझी नव्हती, माझी होती." वही पुन्हा तपासून कापलेले गुण परत दिले. मग तोच उतारा तिने दुरुस्त पडद्यावरून पुन्हा उतरवला. नंदी दारात आला, सगळे अनुस्वार जागच्या जागी होते. तिच्या वडिलांची बुडलेली मजुरी मात्र मला परत करता आली नाही. त्यांनी ती घेतलीच नाही. म्हणाले, "गुरुजी, पुढच्या पोराची चिठ्ठी पाठवायच्या आधी पडदा बघत जा म्हणजे झालं."

आपणही तेवढे कराल, अशी आशा बाळगतो.